मागे कोणी नाही

१

सकाळच्या सरावाला जमलेली मुलं सामानाच्या खोलीमागच्या फटीतून एकेक करून मैदानात यायची. फट म्हणजे फटच. एका बाजूला खोलीची भिंत, दुसऱ्या बाजूला कुंपण, मध्ये पोट आत घेऊन, अंग चोरून जावं एवढीच वाट. भालाफेक करणारा गडी आधी भाला आत सरकवी आणि मग स्वतः सरके. आणि तिथून हाकेच्या अंतरावर, मैदानाच्या लांब बाजूला, दगडी कमानीचा भलाथोरला दरवाजा उभा होता. हत्ती जाईल एवढा. लोखंडी फळ्या ठोकून बंद.

"हे काय आहे?" ताईनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"दरवाजा," मुलं म्हणाली होती. जसं काही तिला तेवढंच कळायचं राहिलं होतं.

ताई म्हणजे कॉलेजची नवी क्रीडाशिक्षिका. तोंडावर सगळे तिला मॅडम म्हणत, पण तिची धाकटी बहीण त्याच संघात धावायची आणि दर दोन वाक्यांनी तिच्या तोंडून 'ताई' निसटायचं. त्यामुळे अख्खं मैदान आपसात ताईच म्हणू लागलं. आपणही तेच म्हणू. दूर देशी शिकून ती याच वर्षी परतली होती. येताना तिनं सामानात कपड्यांपेक्षा पुस्तकं जास्त आणली होती, आणि डोक्यात पुस्तकांपेक्षा बेत जास्त.

त्या सकाळी अंग मोकळं करायच्या फेऱ्या चालल्या होत्या. सगळे एका रांगेत, पुढे कप्तान, सगळ्यांत मागे ताईची बहीण ठकी. ठकी हे तिचं घरातलं लाडाचं नाव, आता संघानंही उचललेलं. धावपट्टी बंद दरवाज्याच्या उंबऱ्याला घासून जायची. रांग तिथून पुढे गेली, शेवटी ठकी आली. धावता धावता तिनं मान वळवून मागे पाहिलं आणि खणखणीत ओरडली,

"मागे कोणी नाही!"

पुढून कप्तानानं हात वर केला. पुढच्या फेरीला पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या फेरीलाही तेच.

ताईला आधी ती थट्टा वाटली होती. पण थट्टा रोज, तीही हसल्याशिवाय, कोण करतं? फेऱ्या संपल्यावर तिनं कप्तानाला गाठलं.

"हे काय ओरडता तुम्ही?"

"रीत आहे इथली, मॅडम. जो शेवटचा, त्यानं सांगायचं."

"कशासाठी?"

त्यानं खांदे उडवले. "सगळेच सांगत आलेत."

ताईच्या कपाळाची शीर तडतडली. जो सगळ्यांत हळू, त्यानं रोज, दर फेरीला, साऱ्या जगाला ओरडून सांगायचं की मीच शेवटचा! आणि हत्तीचा दरवाजा फळ्या ठोकून बंद ठेवून मुलांनी उंदरासारखं फटीतून यायचं! हे मैदान म्हणायचं की चव्हाटा?

२

कॉलेजचा वर्धापनदिन तोंडावर आला होता आणि त्या निमित्तानं मैदानाचा इतिहास लिहून काढायचं काम प्राचार्यांनी ताईच्याच गळ्यात मारलं होतं. तिला ते हवंच होतं. इतिहास कळला की रीत मोडायला सोपं जातं, असं तिचं मत.

"मैदान कॉलेजचं," प्राचार्य म्हणाले. "दरवाजा मात्र त्याच्या आधीचा."

"म्हणजे?"

"म्हणजे माळावर नुसता दरवाजाच होता. ना भिंत, ना घर. कॉलेज आलं, जागा मोकळी होती, मग त्याच्यासमोर मैदान आखलं."

"दरवाजा कशाचा होता पण?"

"दरवाजा होता," प्राचार्य म्हणाले आणि टेबलावरचा पेपरवेट या बाजूचा त्या बाजूला ठेवला. "उघडा ठेवला की वारा फार येतो. म्हणून बंद केला असेल."

मैदानावर चुन्याच्या पांढऱ्या रेघा मारणारे, म्हणजे फक्की मारणारे, फक्कीकाका मात्र खूश झाले. "उघडा की! खुशाल उघडा. त्या फटीतून फक्कीची गाडी नेता नेता ढोपराची सालं निघाली माझ्या. आजवर कोणाला सुचलं नाही ते तुम्हाला सुचलं."

राहिले बाबा. तेही याच मैदानावर धावलेले. आता गुडघे गेले होते, संध्याकाळी गरम पाण्याची पिशवी घेऊन बसायचे.

"तुम्ही कधी ओरडला होतात का हो, बाबा?"

"मी? मी शेवटचा होतो कधी?" बाबांनी मिशीवरून हात फिरवला. "पहिल्या तिघांत असायचा तुझा बाप."

"मग जे शेवटचे असायचे त्यांना विचारते. कोण कोण होतं?"

"त्यांच्यातलं कोणी भेटत नाही आता."

"कोणीच?"

"पहिले आलेले एकमेकांना भेटतात, ताई. शेवटचे कशाला भेटतील?" ते हसले. मग पिशवी या गुडघ्यावरून त्या गुडघ्यावर ठेवली.

जेवताना ताईनं जाहीर केलं: उद्या दरवाजा उघडायचा, आणि उद्यापासून ओरडणं बंद.

"अगं, मला नाही काही वाटत," ठकी म्हणाली. "अख्ख्या नाटकात माझं तेवढंच वाक्य आहे, तेही काढून घेतेस."

"तुला वाटायला पाहिजे. तीच तर खरी गोम आहे. सवयीनं माणसाला अपमानसुद्धा आपला वाटायला लागतो."

"बरं बाई, भाषण नको. पण मग कळणार कसं?"

"काय कळणार?"

ठकीनं जरा विचार केला. "रांग संपली म्हणून."

३

फळ्यांचे खिळे गंजून दगडाशी एकजीव झाले होते. तेल सोडलं, हातोडे घातले, शेवटी दोर बांधून साऱ्या संघानं ओढलं तेव्हा कुठे एकेक फळी कण्हत खाली आली. पलीकडे काय होतं? रस्ता. सायकलदुरुस्तीचं दुकान. बसची वाट पाहणारी दोन माणसं, जी या गोंगाटानं दचकून बघत होती. वारा तर मुळीच आला नाही. झाडाचं पान हललं नाही.

मुलं एकदा बाहेर गेली आणि आरोळ्या ठोकत कमानीतून आत आली. ताईचे डोळे भरून आले. एवढ्यासाठीच तर परतले मी, तिला वाटलं. दार उघडून द्यायला.

मग फेऱ्या सुरू झाल्या. ठकी दरवाज्यापाशी आली, सवयीनं तिचं तोंड उघडलं. ताईनं ओठांवर बोट ठेवलं. ठकीनं शब्द गिळला. पण मान वळवून मागे पाहिलंच, आणि रोजच्यापेक्षा जरा जास्त वेळ पाहिलं. पुढे कप्तानाचा हात अर्धवट वर उठला आणि खाली आला.

त्यानंतरचे दिवस ताईला सोन्याचे वाटले. ठकीचा वेग वाढला. जी पोरगी वळणावर रेंगाळायची ती पुढच्याच्या टाचेला टाच लावून धावू लागली. "बघितलंत?" ताई बाबांना सांगे. "डोक्यावरचं ओझं काढलं की पाय आपोआप उचलतात." बाबा मान डोलवत, पण ठकीकडे बघत.

तेवढ्यात फक्कीकाका तक्रार घेऊन आले. "मॅडम, पोरांना सांगा, दरवाज्यापाशी पाय घासू नका. संध्याकाळी रेघा मारून जातो, सकाळी पुसलेल्या."

ताई पाहायला गेली. दरवाज्यापाशी फक्की खरंच पुसली होती. उंबऱ्याकडून आत येऊन, वळण घेऊन, धावपट्टीच्या दिशेनं. बाहेर जाणारी खूण मात्र कुठे दिसली नाही.

"कुत्री असतील, काका."

"असतील. पण कुत्र्यांना रांगेत वळायची शिस्त कोणी लावली?" काका स्वतःच्याच विनोदावर हसले आणि गाडी ढकलत निघून गेले. ते हसले म्हणून ताईही हसली.

४

घरात एक गोष्ट ताईच्या लक्षात आली. ठकी आता जिन्यावर कधी शेवटची राहत नव्हती. "तू ये मागून," म्हणायची. जेवायला भिंतीला पाठ टेकून बसायची. झोपायचीही तशीच, भिंतीला इतकी चिकटून की सकाळी पाठीला चुन्याचा पांढरा डाग असायचा.

एकदा दोघी अंगणातल्या नळावर बूट धूत होत्या. ठकी म्हणाली, "ताई, खरं सांग. माझ्यामागे कोणाला लावलंयस का?"

"म्हणजे?"

"वेग वाढावा म्हणून. तुमच्या तिकडे करत असतील तसं."

"वेडी का तू? मागे बघत नाहीस का?"

"बघते की. कोणी नसतं."

"मग झालं तर."

"पण बघून झालं की असतं." ठकी बुटाच्या तळातला चिखल काडीनं काढत राहिली. "आधी लांब होतं. आता माझ्या पायात पाय टाकून येतं. आणि दमत नाही गं. मी धापा टाकते, त्याचा श्वास मात्र बसल्याजागचा असतो."

ताईनं तिला पडसादाचं शास्त्र समजावलं. प्रेक्षकांच्या पायऱ्या, कमानीची पोकळी, पावलांचा आवाज परत कसा फिरतो, सगळं. ठकीनं शहाण्या मुलीसारखं ऐकून घेतलं.

दुसऱ्या सकाळी ताई दरवाज्याच्या कमानीला पाठ लावून उभी राहिली आणि तिनं डोळे मिटले. स्वतःचंच शास्त्र तपासायचं होतं. धप धप करत रांग आली. कप्तानाचा जड पाय ओळखू आला, भालावाल्याचे फरफटणारे बूट ओळखू आले. शेवटी ठकीचं हलकं, घाईचं पाऊल अगदी कानाशी आलं आणि गेलं. ताई मनात म्हणाली, झालं, संपली रांग.

पावलं येतच राहिली.

एकाच तालात, अनवाणी असावीत अशी, कमानीखालून तिच्या अंगावरून जात राहिली. वारा नव्हता, पण प्रत्येक पावलासरशी तिच्या बाहीची कड किंचित हलत होती. पडसाद, तिनं स्वतःला सांगितलं. पडसाद इतका वेळ टिकत नाही, हेही तिला ठाऊक होतं. तिनं डोळे उघडले तेव्हा संघ मैदानाच्या पलीकडच्या वळणावर होता, इवलासा. तिच्यासमोर धावपट्टी रिकामी होती. फक्कीची रेघ तेवढी तिच्या डोळ्यांदेखत, कोणी बोटानं पुसावी तशी, फिकट होत गेली.

५

पुढे जे झालं ते भर सकाळी झालं, स्वच्छ उन्हात. सराव संपला, शिट्टी वाजली, मुलं गवतावर पडली. ठकी थांबली नाही.

"ठके, पुरे!" कप्तान ओरडला. "आम्हाला लाजवतेस होय गं!"

मुलं हसली, टाळ्या पिटल्या. ती फेरी संपली, दुसरी सुरू झाली. हसू विरलं. ताई तिच्या बाजूनं धावू लागली.

"थांब ना. काय झालं?"

"थांबले तर धडकतील," ठकी म्हणाली. नजर समोर, ओठ कोरडे.

"कोण?"

"सगळे."

ताईनं तिचा हात धरून ओढलं. ठकी अशी किंचाळली की ताईचा हात सुटला. दुखल्याची किंकाळी नव्हती ती. गर्दीत पाय अडकून पडणाऱ्या माणसाची होती.

ताईनं मुलांना पिटाळलं. "फळ्या लावा! दरवाजा बंद करा आधी!" मुलांनी भराभर फळ्या उभ्या केल्या, काकांनी खिळे ठोकले. दरवाजा बंद झाला. ठकी धावतच राहिली. तेव्हा ताईच्या ध्यानात आलं की आपण बाहेरून येणारी वाट बंद केली आहे, पण आलेले कुठे गेले आहेत? ते तर आतच आहेत.

निरोप मिळाल्यावर बाबा काठी टेकत आले. फटीतून येताना त्यांचा सदरा फाटला. लेकीला पाहून त्यांचा चेहरा राखेसारखा झाला.

"ओरडायला सांग तिला," ते म्हणाले. "ताई, तिला ते वाक्य म्हणायला सांग."

ताई बहिणीच्या शेजारून धावत म्हणाली, "ठके, म्हण. माझं चुकलं, तू म्हण. आता दरवाजा आला की म्हण, 'मागे कोणी नाही'. म्हणशील ना?"

दरवाजा आला. ठकीनं मान वळवली, मागे पाहिलं, तोंड उघडलं. नुसता श्वास बाहेर पडला. पुन्हा प्रयत्न केला. मग ती ताईकडे पाहून लहानपणी रडायची तशी रडू लागली.

"खोटं कसं बोलू, ताई?"

६

उन्हं वर आली. मुलं कुंपणापाशी गोळा होऊन उभी होती. ठकीच्या मोज्यातून रक्त दिसू लागलं होतं. ही पोर अशीच पडेल, आणि पडली की काय होईल, हे ताईला कळत नव्हतं, पण कळून घ्यायचंही नव्हतं. तिला एवढंच ठाऊक होतं की रांगेतला शेवटचा जिवंत माणूस थांबू शकत नाही. मग ठकीनं शेवटचं असता कामा नये.

बाबांनी ते तिच्या चेहऱ्यावर वाचलं. "नाही," ते म्हणाले. "मी जातो."

"कुठल्या गुडघ्यांवर, बाबा?"

"ताई, ऐक माझं—"

"तुम्ही तिला धरा. गवतावर उभे राहा. मी सांगितलं की ओढून घ्या."

ती धावत सुटली, ठकीला गाठलं, आणि बाजूला न जाता थेट तिच्या पाठीमागे शिरली. तिथे जागा नव्हती. डोळ्यांना मोकळी पट्टी दिसत होती, पण खांद्यांना जागा नव्हती. बंद होत आलेल्या दारातून घुसावं तसं अंग आवळून, दात आवळून ती मध्ये घुसली. त्याबरोबर तिच्या मानेवर श्वास आला. थंड नाही, गरम नाही. बसल्याजागचा.

"ठके," ती म्हणाली, "तुझ्यामागे मी आहे. ऐकतेस? आता तुझ्यामागे फक्त मी आहे. हो बाजूला."

ठकी गवताच्या बाजूला कलली, बाबांनी काठी टाकून तिला दोन्ही हातांनी खेचून घेतलं आणि दोघंही खाली कोसळली. ताईनं एकदाच तिकडे पाहिलं. ठकी थांबली होती. ठकी गवतावर बसून बाबांच्या फाटक्या सदऱ्यात तोंड खुपसून रडत होती. ताईच्या छातीतून मोठा सुस्कारा निघाला. त्याच क्षणी मागून तिच्या टाचेला कोणाचा तरी अंगठा लागला आणि तिला वेग वाढवावा लागला.

ती दणकट होती, तरुण होती. मी विचार करू शकते, तिनं ठरवलं. मागे वळायचं नाही. वळून काही दिसत नाही, आणि वळणं संपलं की ते अधिक जवळ येतं. समोर बघायचं. श्वास मोजायचा. मागे पावलांचा आवाज होता. एकाची पावलं, त्यामागे दुसऱ्याची, त्यामागे आणखी. किती लांब असेल ही रांग? तिनं कानांनी मापायचा प्रयत्न केला. आवाज मागच्या वळणापर्यंत गेला, वळणावरून पलीकडच्या सरळ पट्टीवर गेला. प्रेक्षकांच्या पायऱ्यांखालून फिरला. आणि तिथून पुढे...

इथे तिच्या शहाण्या डोक्यात एक साधी गोष्ट आली. धावपट्टी गोल फिरते. गोल वाटेवर रांग पुरेशी लांब झाली, तर तिचं शेपूट मागे राहत नाही. ते समोर येतं.

"ताई!" दूरवरून ठकी हाका मारत होती. "ताई, बस कर! ये ना इकडे!"

"एवढी एक फेरी," ताईनं सांगितलं. मोठ्यानं सांगितलं असं तिला वाटलं.

ती वळण उतरली. समोर बंद दरवाज्याची सावली धावपट्टीवर आडवी पडली होती, आणि सावलीच्या अलीकडे फक्की उडत होती. पांढरी, हलकी, जमिनीपासून घोट्याएवढी. मग त्या पांढऱ्या धुरळ्यात तिला पाठ दिसली. एकच. बारकी, वाकलेली, चिकाटीनं धावणारी, जणू अख्खा जन्म कोणाच्या तरी मागे राहिलेली. त्याच्यापुढे आणखी काहीतरी हलत होतं, पण ते बघायला ताईला धीर झाला नाही. ती त्या पाठीकडे बघत राहिली. अंतर कमी होत होतं. तिनं पाय आखडायचा प्रयत्न केला, पण मागचे ढकलत होते.

ती पाठ दरवाज्यापाशी पोचली. तिचा वेग किंचित मंदावला, तिथं आल्यावर शेवटच्याचा मंदावतोच. मग त्या धावणाऱ्यानं मागे कोणी आहे का ते पाहायला सावकाश मान वळवायला सुरुवात केली.